कागदावरची शाकाहारी

फॉर्म भरले जात होते तेव्हा मी बाईंच्या समोरच बसले होते. त्यामुळे मला कोणी विचारलं नाही, असं म्हणायची सोय नाही. फॉर्मवर आहाराचे दोन चौकोन होते आणि बाई बारा जणांच्या फॉर्मवर ओळीनं एकाच चौकोनात खूण करत चालल्या होत्या. शाकाहारी. माझा फॉर्म आल्यावर त्यांनी पेन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. चालेल ना गं?" मी मान हलवली. चेंदणीच्या कोळीवाड्यातली, खाडीवर पोसलेल्या घरातली मी, आणि मान हलवून मोकळी झाले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजचं जर्मनीतल्या एका शाळेशी काहीतरी सूत जुळलं होतं. आमच्या बारा मुलांनी तिकडे जायचं, एकेकानं एकेका घरात राहायचं, आणि डिसेंबरात तिकडच्या मुलांनी आपल्याकडे यायचं. सांस्कृतिक देवाणघेवाण असं त्याचं नाव होतं. माझी निवड झाली ती दोन कारणांनी. मला इंग्रजी वक्तृत्वात बक्षीस होतं, आणि कार्यक्रमात कोळीनृत्य बसवायचं होतं. "आपल्याकडे तर अस्सल कोळीण आहे," बाई सगळ्यांसमोर कौतुकानं म्हणाल्या होत्या आणि मी लाजून हसले होते. अस्सल कोळीण नाचात हवी आणि पानावर नको, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. सोळाव्या वर्षी परदेशी जायला मिळत असताना कोणाच्याच शिरलं नसतं.

बाई वाईट नव्हत्या. डोंबिवलीहून रोज येणाऱ्या, साध्या, शिस्तीच्या. त्यांना धास्ती एवढीच होती की मांसाहारी लिहिलं तर ती माणसं काय वाढतील त्याचा नेम नाही, आणि मग परत आल्यावर पालकांना तोंड त्यांनाच द्यावं लागणार. एकीला सूट दिली की सगळेच मागणार. शिवाय तिकडे वाचून दाखवायला प्रत्येकानं 'माझं कुटुंब' असं छोटं भाषण लिहिलं होतं, ते त्यांनी तपासलं. खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासा हटला, म्हणून माझ्या वडिलांनी होडी विकून वागळे इस्टेटमध्ये नोकरी धरली, हे त्यांनी ठेवलं. 'माझी आई मार्केटमध्ये मासे विकते' या वाक्यावर मात्र रेघ मारली आणि वर लिहिलं, 'माझ्या आईचा छोटासा व्यवसाय आहे.' "खोटं काही नाही ना यात?" त्यांनी विचारलं. खोटं खरंच काही नव्हतं.

घरी मी आईला फॉर्मबद्दल सांगितलं तेव्हा ती मासळीची पाटी धूत होती. तिला कळेचना. "शाकाहारी म्हंजे? मटान नाय खानार ना? नको खाऊस. पन मावरं खाशील का नाय?" आमच्याकडे मटण-कोंबडी ही वेगळी गोष्ट, तिला वार असतात. मावरं म्हणजे मासळी, आणि मासळी म्हणजे जेवण. मावऱ्याशिवाय जेवणाला आई नुसतंच 'काहीतरी खाल्लं' म्हणायची. मी म्हटलं, तिथे मावरं मिळत नाही. हे माझं या प्रकरणातलं पहिलं स्वतःचं खोटं. बाईंचं पेन त्यात कुठेच नव्हतं.

तिथे मावऱ्याशिवाय दुसरं काही मिळत नव्हतं.

म्हणजे थोडी अतिशयोक्ती करते आहे, पण थोडीच. ते उत्तरेकडचं समुद्राकाठचं लहानसं गाव होतं आणि मी ज्या घरात गेले त्या घरातले वडील बंदरावर मासळीच्या लिलावात कामाला होते. दार उघडलं आणि मला आमच्या घराचा वास आला. तिकडचा मासा वेगळा, मसाला नाही, तेल वेगळं, तरी तोच वास. धुतलेल्या हातांना, लाकडाच्या फळीला, दारामागच्या कोटाला राहतो तो. पहिल्यांदाच घर सोडून इतक्या लांब आलेली मी त्या वासानं इतकी सुखावले की तिथल्या तिथे बसकण मारावीशी वाटली. तेवढ्यात त्या घरातल्या आईनं माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं. कपाटाच्या वेगळ्या खणात एक नवाकोरा तवा, एक सुरी आणि एक उलथणं होतं. तिघांच्याही दांड्याला हिरवी फीत बांधलेली. त्यांची मुलगी माझ्याच वयाची होती, तिला माझ्याइतकंच तोडकंमोडकं इंग्रजी येत होतं, तिनं सांगितलं, "हे फक्त तुझं. आईनं मुद्दाम आणलं. याला मासा लागणार नाही, ती लक्ष ठेवणार आहे."

आता सांगा, त्या क्षणी काय बोलायचं? मी म्हणाले, "थँक यू." आणि वर, कोणी विचारलं नसताना, "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या असेच आहोत." हे का म्हणाले ते आजही मला माहीत नाही. बाईंनी आम्हाला आधी पाठवायला लावलेल्या पत्रात असंच काहीसं वाक्य होतं, तेच तोंडात आलं असावं.

तीन आठवडे मी उकडलेले बटाटे खाल्ले. बटाटे, चीज, पाव, गाजर, पुन्हा बटाटे. त्या घरातली आई बिचारी पुस्तकं चाळून माझ्यासाठी काय काय करायची आणि मी प्रत्येक घासाला छान छान म्हणायची. समोर वडिलांच्या पानात तळलेला मासा असायचा. एका शनिवारी दुपारी ते सिंकपाशी मासे साफ करत होते, आमच्या लेपीसारखे चपटे. ते खवलं उलट्या बाजूनं काढत होते आणि सुरी अशी धरत होते की माझ्या आईनं पाहिलं असतं तर हातातून काढून घेतली असती. माझे हात शिवशिवत होते. मी नकळत दोन पावलं पुढे गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं, गडबडीनं काहीतरी बोलले, आणि मुलीनं मला सांगितलं, "बाबा म्हणतात, तुला वास सहन होत नसेल. चल, आपण बाहेर बसू."

मग मला मागच्या बागेत नेऊन बाकावर बसवण्यात आलं. खिडकी बंद केली, तरी लोण्यात मासा पडल्याचा वास आलाच. मी रडले. मुलीला वाटलं, मला त्या माशांची दया आली. तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला.

ती मुलगी चांगली होती आणि तिचा चांगुलपणाच मला नडला. तिच्या वडिलांना इंग्रजी येत नसे, त्यामुळे ते आणि मी तिच्यामार्फतच बोलायचो. एकदा जेवताना ते हसत काहीतरी म्हणाले आणि तिचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही वेळ मारून नेणार. पण तिनं शब्द न शब्द सांगितला: "बाबा म्हणतात, माझ्या हातांना वास येतो म्हणून ही मला शाळेच्या दारापर्यंत येऊ देत नाही, कोपऱ्यावरच थांबवते." एवढं बोलून तिनं मान खाली घातली आणि बटाटा कापायला लागली. मला तिचा राग आला. इतकं खरं बोलायची काय गरज होती?

कार्यक्रमात आमचं कोळीनृत्य झालं. डोक्यावर टोपली, टोपलीत चंदेरी कागदाचे मासे. मी पुढे, कारण अस्सल. हॉलमध्ये सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या मी राहत होते त्या घरच्या वडिलांनी. घरी येताना त्यांनी मुलीकरवी विचारलं, "हे मासे विकणाऱ्या बायकांचं नृत्य ना? मग त्या बायका मासे खात नाहीत का?" रस्ता सरळ होता, दोन्हीकडे झाडं होती, आणि सांगून टाकायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हणाले, "ते फक्त नृत्य आहे." त्यांनी मान डोलावली. पण त्यांना पटलं नव्हतं, ते दिसतच होतं.

आमच्यातली एक मुलगी, जिच्या घरी रविवारी मासळीशिवाय पान हलत नसे, तिनं तिसऱ्याच दिवशी आपल्या यजमानांना सांगून टाकलं आणि मजेत सगळं खायला लागली. बाईंना कळलं, त्या दोन दिवस तिच्याशी तुटक वागल्या, संपलं. तिनं मला म्हटलंही, "अगं, सांगून टाक ना यार, काय फाशी देणारेत का?" तिचं बरोबर होतं. पण ती कबूल करणार होती की तिला मासे आवडतात. मला कबूल करावं लागलं असतं की माझी आई मासे विकते, माझी आजी विकायची, मी शाळेत असताना सुट्टीत तिच्या शेजारी बसून कोलंबी सोलली आहे, आणि हे सगळं मी छोटासा व्यवसाय म्हणून तुमच्यासमोर वाचून दाखवलं. एकदा एक धागा ओढला की सगळं उसवणार होतं. म्हणून मी बटाटे खात राहिले आणि दिवस मोजत राहिले.

परत आले आणि सुटले असं वाटलं. आईनं त्या दिवशी पापलेट केलं होतं. मी इतकी जेवले की वडील बघत राहिले.

दोन महिन्यांनी तिकडच्या त्या मुलीचं पत्र आलं. तिनं मासे सोडले होते. माझ्यामुळे. मी बागेत रडले ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं, आणि आपण किती सहज जीव मारतो हे तिला त्या दिवशी कळलं, असं तिनं लिहिलं होतं. आता हिरव्या फितीचा तवा ती वापरत होती. वडील मात्र फार चिडले होते. ज्या कामावर हे घर चाललं ते काम हिला आता पाप वाटतं, असं ते म्हणाले, आणि तेव्हापासून ती त्यांच्या आधी एकटीच जेवून घेत होती. शेवटी लिहिलं होतं, 'पण तू मला समजून घेशील.'

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि पुस्तकात खोल खुपसून ठेवलं. उत्तर लिहायला बसले की पहिल्या ओळीच्या पुढे जाता येईना. शेवटी हवापाण्याबद्दल लिहून पाठवलं.

डिसेंबरात ती आली. त्याआधी बाई घरं बघायला फिरल्या होत्या. आमच्याकडे आल्या, आईनं दिलेला चहा त्यांनी घेतला, माळ्यावरच्या सुक्या बोंबलांच्या टोपलीकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि बाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, "जागा तशी लहानच आहे नाही? तिला नौपाड्यात ठेवू या, तुझ्या मैत्रिणीकडे. तुलाही तेच सोयीचं पडेल." मला सोयीचंच होतं. मी इतक्या पटकन हो म्हणाले की बाईच थोड्या वरमल्या.

आईला मी जागेचं कारण सांगितलं. तिनं तोवर भिंतींना रंग लावून घेतला होता आणि शेजारच्या काकीकडून गादी मागून ठेवली होती. "चार माणसं निजतान तिथं पाचवं नाय निजनार?" एवढंच ती म्हणाली आणि गादी परत देऊन आली.

पण त्या मुलीनं माझं घर बघायचा हट्टच धरला. आमच्या घरी तू राहिलीस आणि मी तुझ्या आईला भेटणारही नाही का, असं तिनं बाईंसमोरच विचारलं. मग एका रविवारी दुपारी तीन तास ठरले. आता आईला खरं सांगणं भाग होतं. मी सांगितलं, म्हणजे, अर्धं सांगितलं. ती मासे खात नाही, तिला वासही चालत नाही, घरात काही दिसायला नको. आई ऐकत होती. मग म्हणाली, "बरं. गनपतीसारखं करू."

गणपतीत आमच्याकडे पाच दिवस घर चोख असतं, मावरं आत येत नाही, आणि त्या दिवसांची भांडी निराळी, वर्षभर त्यांना मावरं लागत नाही. ती भांडी आईनं डिसेंबरात माळ्यावरून काढली, चिंच लावून घासली. बोंबलांची टोपली काकीकडे गेली, पाट्या आणि कोयता मागच्या पडवीत गोणपाटाखाली. गल्लीतल्या दोन घरांनी अंगणात वाळत घातलेली सुकट त्या दुपारपुरती आत घेतली. कोणी का म्हणून विचारलं नाही. आई सांगत होती, पोरीची पाव्हनी येनार हाय, आणि तेवढं पुरत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण थांबवलं नाही. आईनं विचारलं, "लुगडं नेसू का साडी?" मी साडी म्हणाले. कोळी लुगडं त्या मुलीनं आमच्या नाचात पाहिलेलं होतं, त्यात आई लगेच ओळखू आली असती. ती लग्नातली गोल साडी नेसून बसली आणि दर दोन मिनिटांनी पदर सावरत राहिली.

जेवण सुरेख झालं होतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, वांग्याचं भरीत, खीर. ती मुलगी मांडी घालून जमिनीवर बसली, हातानं जेवली, दुसऱ्यांदा बिरडं मागून घेतलं. आई खूश होती. तिला मुलगी आवडली होती. "केस किती बारीक हायेत गो हिचे," ती मला म्हणाली, आणि मी ते इंग्रजीत सांगितल्यावर दोघी हसल्या. मला हलकं वाटायला लागलं. अजून तासभर, मग झालं.

जेवण झाल्यावर तिनं झोळीतून वही काढली. शाळेसाठी तिला लिहायचं होतं. ती म्हणाली, "तुझ्या आईला विचार, तिचा दिवस कसा जातो? ती काय काम करते?"

मी आईला विचारलं. आई सरसावून बसली. तिला असं कोणी कधी विचारलं नव्हतं, आम्हीही नाही. ती सांगायला लागली. पहाटे धक्क्यावर जाते, लिलावात माल घेते. तिथं पुरुष दमदाटी करतात पण तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. बर्फ कसा लावायचा, कल्ला बघून ताजं कसं ओळखायचं. "सांग तिला, माझ्याकडचं मावरं घ्यायला लोकं पार माजिवड्यावरनं येतान. सांग, तुझी आजी बसायची त्याच जागेवर मी बसते." ती बोलत होती आणि बोलता बोलता तिचा पदर सरकला होता, तो तिनं सावरला नाही.

खोलीत आम्ही तिघीच होतो. बाई नव्हत्या, फॉर्म नव्हता. समोर बसलेल्या मुलीनं आपल्या बापाचं बोलणं, स्वतःला लागेल असं, मला शब्द न शब्द सांगितलं होतं. आणि त्या बापाशी तिचं जे बिनसलं होतं ते माझ्या एका वाक्यानं सुटण्यासारखं होतं.

"आई पहाटे उठते," मी इंग्रजीत म्हणाले. "मार्केटमध्ये तिची जागा आहे. आजीचीच जागा आहे ती. खूप लोक येतात."

"काय विकते?"

"भाजी," मी म्हणाले.

तिनं ते लिहून घेतलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पण मला ते कळत होतं. मग ती मुलगी उठली, आईपुढे वाकली, हात जोडले, आणि मी तिला नौपाड्यात सोडून आले. वाटेत ती म्हणाली, तुझी आई किती छान बोलते, एवढं सगळं भाजीबद्दल. मी हसले.

घरी परतले तेव्हा आई गणपतीची भांडी विसळत होती. मी फडकं घेऊन पुसायला बसले. तिनं दोन पातेली विसळून माझ्याकडे सरकवली. मग विचारल्यासारखं म्हणाली, "मावऱ्याला इंग्रजीत फिशच बोलतान ना?"

"हो."

"तेच. मार्केटात गिऱ्हाईकं बोलतान, फिश कसा दिला, फिश फ्रेश हाय का. माना तेवढाच एक शब्द येतो." तिनं शेवटचं पातेलं माझ्या हातात दिलं. "मी आपली वाट बगत व्हते, आता येल, आता येल. तुझ्या तोंडातून काय तो आला नाय."